जनरल जेकब यांची गोव्यातली कारकीर्द : राज्यपालाच्या हाती नेमके किती असते?

कुळागर
म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या वादाचा विषय निघाला की जनरल जे. एफ. आर. जेकब यांचे नाव निघतेच. "अभयारण्य त्यांनी केले म्हणून आज भांडायला पायाखाली जमीन आहे" असे जाणकार सांगतात, आणि नवे वाचक विचारतात की हे जेकब कोण. म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख. जन्म कोलकात्यातल्या बगदादी ज्यू कुटुंबात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात गेले, तोफखान्यातले अधिकारी. १९७१ साली मेजर जनरल आणि पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याला जाऊन जनरल नियाझींशी शरणागतीच्या अटींची बोलणी केली ती यांनीच. १९७८ मध्ये पूर्व कमांडचे प्रमुख म्हणून निवृत्त. एप्रिल १९९८ मध्ये गोव्याचे राज्यपाल, नोव्हेंबर १९९९ मध्ये इथून पंजाबला बदली, तिथे २००३ पर्यंत राज्यपाल आणि चंडीगढचे प्रशासक. जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीत निधन.

गोव्यात पुरती दोन वर्षेही नव्हते. पण तेवढ्यात दोन गोष्टी झाल्या. जुलै १९९८ मध्ये त्यांनी प्रतापसिंह राणे यांचे सरकार बरखास्त केले, आणि १९९९ च्या राष्ट्रपती राजवटीत म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर केली. माझे मत स्पष्ट आहे : घटक राज्य झाल्यापासून इतका खोल ठसा दुसऱ्या कोणत्याही राज्यपालाचा नाही. पण निवडून न आलेल्या माणसाला हे सगळे करता येते ते कोणत्या अधिकारात? कायदा जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दर्यादेग
दोन्ही निर्णयांचे अधिकार वेगळे आहेत, ते एकत्र करू नका.

सरकार चालू असताना राज्यपाल घटनेच्या कलम १६३ खाली मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो. स्वतःच्या विवेकाने वागायच्या जागा मोजक्याच : बहुमत कोणाकडे हे स्पष्ट नसताना मुख्यमंत्री नेमणे, बहुमत गमावूनही खुर्ची न सोडणाऱ्याला दूर करणे, एखादे विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवणे, आणि राष्ट्रपती राजवटीसाठी कलम ३५६ खालचा अहवाल पाठवणे. १९९८ चा निर्णय यातल्या दुसऱ्या जागेवरचा.

१९९९ चे प्रकरण निराळे. ९ फेब्रुवारी १९९९ ला राष्ट्रपती राजवट आली ती ९ जूनपर्यंत होती. अशा वेळी राष्ट्रपती राज्य सरकारची सगळी कामे स्वतःकडे घेतात आणि दुसऱ्या आदेशाने तीच कामे, केंद्राच्या देखरेखीखाली, राज्यपालाकडे सोपवतात. म्हणजे त्या चार महिन्यांत वन्यजीव कायद्यात जिथे जिथे "राज्य सरकार" असा शब्द आहे तिथे व्यवहारात राज्यपाल बसतो. अभयारण्य जाहीर करायला विधानसभेची गरज नसते, राज्य सरकारची अधिसूचना पुरते. म्हणून ते शक्य झाले. नवा कायदा करायचा असता तर गोष्ट संसदेपर्यंत गेली असती.

मानशी
छोटी पुस्ती. विधानसभा विसर्जित होती, निवडणूक ४ जून १९९९ ला झाली आणि ९ जूनला लुईझिन फालेरो मुख्यमंत्री झाले. तोवर ही कामे उरकली होती.

साळावली
कुळागर, ठसा खोल आहे हे मान्य. पण १९९८ कडे एवढ्या सहज पाहू नका.

डॉ. विली डिसोझा यांच्या मागे काँग्रेसचे आमदार फुटले आणि गोवा राजीव काँग्रेस उभी राहिली. त्या वेळी घटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदीच्या कायद्यात, एक तृतीयांश फूट कायदेशीर होती, ती तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. सभापतींच्या हंगामी आदेशामुळे फुटलेल्या आमदारांना मतदान करता आले नाही आणि खाशांनी, म्हणजे राणे यांनी, विश्वासदर्शक ठराव जिंकला. लगेच, २९ जुलैला, राज्यपालांनी सरकार बरखास्त केले आणि डॉ. विलींना शपथ दिली.

आता सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालाचे सार काय? बहुमत सभागृहात मोजा, राजभवनात नव्हे. इथे सभागृहात मोजणी झाली होती. ती मोजणी सदोष होती असे म्हणायचे तर ते ठरवायचे कोणी, न्यायालयाने की राज्यपालाने? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने राणे यांच्या याचिकेवर कलम ३६१ चा आधार घेऊन सांगितले की या निर्णयाबद्दल राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नाहीत. म्हणजे निर्णय बरोबर ठरला असे नव्हे. तो तपासलाच गेला नाही.

दर्यादेग
साळावली, तुमचा मुद्दा पक्का आहे, त्याला एक जोड हवी. मोजणीपूर्वी मतदार बाहेर काढले तर मोजणीला अर्थ काय राहिला? राज्यपालापुढे तेव्हा दोनच रस्ते होते, मान्य करणे किंवा बरखास्त करणे. तिसरा रस्ता, म्हणजे न्यायालयाने मुदत घालून, कामकाजाचे चित्रीकरण करून ठराव पुन्हा घ्यायला लावणे, हा तोवर रुळलेला नव्हता. आज तेच प्रकरण चोवीस तासांत सर्वोच्च न्यायालयात असते.

पात्रदेवी
यावरून सांगावेसे वाटते की गोव्याच्या राजभवनात हीच कसोटी पुन्हा पुन्हा लागली आहे. सभागृह चाळीसचे, बहुमत एकवीसचे. दोन आमदार इकडचे तिकडे झाले की सरकार डळमळते. मोठ्या राज्यात राज्यपालाला अशी वेळ कारकिर्दीत एकदा येते किंवा येतही नाही, इथे ती दाराशीच उभी असते.

१९९४ घ्या. राज्यपाल भानुप्रकाश सिंह, मूळचे नरसिंहगडच्या राजघराण्यातले. २ एप्रिलला त्यांनी डॉ. विलींचे सरकार बरखास्त करून रवी नाईक यांना शपथ दिली. बोम्मई निकाल येऊन तीन आठवडेच झाले होते. दोन दिवसांत राज्यपालांना पायउतार व्हावे लागले, बी. राचय्या आले आणि ८ एप्रिलला डॉ. विली पुन्हा मुख्यमंत्री. चूक कुठे झाली? सभागृह बोलावलेच नाही, आणि केंद्रालाही अंधारात ठेवले.

२००५ मध्ये राज्यपाल एस. सी. जमीर. नागालँडचे अनेकदा मुख्यमंत्री राहिलेले, १९६० च्या सोळा कलमी नागा करारावर सही असलेले अनुभवी नेते. २ फेब्रुवारीला पर्रीकर सरकारने विश्वासमत जिंकले. त्यासाठी अपक्ष आमदार फिलीप नेरी रॉड्रिग्ज यांना सभागृहाबाहेर काढण्यात आले होते. जमीर यांनी त्याच दिवशी सरकार बरखास्त केले आणि खाशांना शपथ दिली. तेही सरकार महिनाभरच टिकले, ४ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली. १९९८ आणि २००५ शेजारी ठेवून पाहा : साचा तोच, पक्षांच्या जागा तेवढ्या उलट्या. जेकब यांचे समर्थन करणाऱ्याने जमीर यांचेही करायला हवे, आणि जमीर चुकले म्हणणाऱ्याने जेकबही चुकले म्हणायला हवे.

कुळागर
पात्रदेवी, शेवटचे वाक्य पटले. त्या बाबतीत दोघांना एकच माप लावायला हवे. पण अभयारण्यांचा विषय त्यात वाहून जाऊ नये.

खाजन
२०१७ राहिले. ११ मार्चच्या निकालात काँग्रेस १७, भाजप १३, महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी १, अपक्ष ३. राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी पर्रीकरांना बोलावले, १४ मार्चला शपथ झाली. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने १६ मार्चला बहुमत चाचणी घ्यायला लावली, निकाल २२ विरुद्ध १६.

इथे नियमापेक्षा घड्याळ महत्त्वाचे ठरले. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने सरकार बनवायला कोणाला बोलवावे याचा दिलेला क्रम असा : आधी निवडणूकपूर्व आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निवडणुकीनंतरची आघाडी. "दावा करणारा" हे शब्द नीट वाचा. सतरा जणांच्या पक्षाने एकवीस सह्या राजभवनावर पोचवल्याच नव्हत्या, आणि न्यायालयाने त्यांना नेमके तेच विचारले. समोरच्यांनी तेरा, तीन, तीन आणि दोन अपक्ष अशी एकविसाची बेरीज कागदावर नेली होती. राज्यपाल निःपक्षपाती होत्या का यावर वाद जरूर घाला, पण पत्रे आधी पोचवणे हे कोणत्याही पक्षाचे पहिले काम आहे.

केगदी
मृदुलाताई हिंदीतल्या लेखिका, मूळच्या बिहारच्या मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या. "गोव्याच्या पहिल्या महिला राज्यपाल" असे त्यांच्याबद्दल छापून येते. पूर्ण वेळ नेमलेल्या पहिल्या, हे खरे. पण त्यांच्याआधी जुलै-ऑगस्ट २०१४ मध्ये काही आठवडे मार्गारेट अल्वा यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार होता. भारत वीर वांछू यांनी राजीनामा दिल्यानंतरची ही सोय.

घाटपायथा
मी म्हादई अभयारण्य ज्या तालुक्यात आहे त्या सत्तरीच्या बाजूने लिहितो. जेकबसाहेबांचे कौतुक वाचून बरे वाटते, पण ज्यांच्या दारात ही अधिसूचना आली त्यांचेही ऐकावे.

म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटर, नेत्रावळी २११. दोन्ही मिळून गोव्याच्या ३,७०२ चौरस किलोमीटरपैकी अकरा टक्क्यांहून जास्त. ही काही मोकळी राने नव्हती. सत्तरीत आणि सांग्यात आत गावे आहेत, काजूच्या बागायती आहेत, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) आहेत, देवराया आहेत. वर सत्तरीतल्या जमिनीचा गुंता वेगळाच : मोकासो, आल्वारा असे पोर्तुगीज काळातले जमीनधारणेचे प्रकार. पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्याचे नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीत, असेलच असे नाही. अशा माणसाला "तुझा हक्क सिद्ध कर" म्हटले तर तो कोणता कागद दाखवणार?

चार महिन्यांच्या राजवटीत गावांशी बोलणे झाले नाही. निर्णय चांगला की वाईट हे नंतर पाहू. निवडून आलेला आमदार असता तर निदान त्याच्या दारात जाऊन भांडता आले असते.

जांभा
घाटपायथा, तुमची तक्रार खरी आहे, पण ती नेमकी कुठे ठेवायची ते पाहू. अभयारण्याची कार्यपद्धती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये टप्प्याटप्प्याने दिली आहे.

पहिला टप्पा कलम १८ : एखादे क्षेत्र अभयारण्य करण्याचा इरादा राज्य सरकार अधिसूचनेने जाहीर करते, त्यात सीमा द्याव्या लागतात. रस्ते, नद्या, डोंगरकडा अशा सहज कळणाऱ्या खुणांनी दिल्या तरी चालतात. दुसरा टप्पा हक्कांचा. जिल्हाधिकारी स्थानिक भाषेत उद्घोषणा काढतो, गावागावांत ती लावायची असते, आणि दोन महिन्यांत लेखी दावे मागवायचे असतात. दाव्यात हक्काचे स्वरूप, किती जमीन, भरपाई हवी असेल तर किती, हे लिहायचे. मग चौकशी. दावा मान्य झाला तर तीन वाटा : ती जमीन अभयारण्यातून वगळणे, भरपाई देऊन घेणे, किंवा मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने हक्क तसाच चालू ठेवणे. हे सगळे झाले की कलम २६-अ खाली अंतिम अधिसूचना.

आता घोडे कुठे अडते ते बघा. पहिल्या टप्प्याला लागते एक सही, दुसऱ्याला माणसे लागतात : पूर्ण वेळ अधिकारी, मोजणीदार, जुने दस्तऐवज वाचणारे, गावात जाऊन पंचनामे करणारे. २००३ मध्ये कायद्यात आलेल्या कलम २५-अ प्रमाणे हे काम शक्यतो दोन वर्षांत संपवायचे. गोव्यात ते दोन दशकांनंतरही रेंगाळलेले होते. आणि कलम २० प्रमाणे अधिसूचनेनंतर त्या जमिनीत वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होत नाही. म्हणून जो जिथे आहे तो तिथेच अडकून पडला.

इरादा जेकबांनी जाहीर केला. हक्कांचे भिजत घोंगडे मात्र त्यानंतर आलेल्या प्रत्येक निवडून आलेल्या सरकारचे आहे. तक्रारीचा पत्ता तिथला.

घाटपायथा
सीमा ठरवताना चर्चा झाली असती तर वस्ती आणि बागायती सुरुवातीलाच बाहेर ठेवता आल्या असत्या, दावे निम्म्याने कमी झाले असते. म्हणून पत्ता दोन्हीकडचा आहे. हक्क मिटत नाहीत तिथे माणूस आणि रान यांचे वैर वाढते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले ते कोण विसरेल? गुरे वाघाने मारल्यावर भरपाई वेळेवर मिळणे, गावात वनरक्षकाची विश्वासाची ओळख असणे, या गोष्टी अधिसूचनेत नसतात.

जांभा
सीमांबद्दल तुमचे म्हणणे मान्य. भरपाईबद्दलही. त्या जागी ढिलाई झाली की सर्वांत आधी जनावर मरते.

दर्यादेग
एक गोष्ट नोंदवावी. जून १९९९ नंतर हे बदलता येत होते. तेव्हाच्या कायद्यात विधानसभेने ठराव करून अभयारण्याची सीमा बदलण्याची वाट होती. १३ नोव्हेंबर २००० ला सर्वोच्च न्यायालयाने देशभरची अभयारण्ये आणि राष्ट्रीय उद्याने आपल्या परवानगीशिवाय वगळू नयेत असा आदेश दिला, पुढे २००३ च्या दुरुस्तीने राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस सक्तीची केली. दोन्ही अभयारण्ये त्या आदेशाच्या आधी जाहीर झाली, म्हणून त्यांना हे संरक्षण आपोआप मिळाले. राज्यपालाच्या सहीला टिकाऊपणा आला तो पुढच्या न्यायालयीन आदेशामुळे.

मांडवीकाठ
विषयांतराबद्दल आधीच माफी, पण राजभवनाचा उल्लेख वारंवार येतोय म्हणून. राजभवन जिथे आहे ती काबोची जागा मुळात राजवाडा नव्हे. मांडवी आणि जुवारी जिथे समुद्राला मिळतात त्या टोकावर सोळाव्या शतकात कपेल (छोटे प्रार्थनाघर) उभे राहिले, मग फ्रान्सिस्कनांचा मठ. १७९९ ते १८१३ या काळात तिथे ब्रिटिश फौज होती, दोना पावलाची ब्रिटिश दफनभूमी ही त्याचीच खूण. पोर्तुगीज गव्हर्नर १७५९ पासून पणजीच्या आदिलशहाच्या वाड्यात राहत, १९१८ पासून त्यांचा कायमचा मुक्काम काबोला. मुक्तीनंतर लष्करी गव्हर्नर मेजर जनरल कँडेथ, मग नायब राज्यपाल, आणि ३० मे १९८७ पासून राज्यपाल, असा क्रम. पहिले राज्यपाल डॉ. गोपाल सिंग, गुरू ग्रंथ साहिबचे इंग्रजी भाषांतर करणारे विद्वान. ते आधीपासून इथले नायब राज्यपाल होतेच, घटक राज्य झाले तसे पद बदलले.

ऑगस्ट २०२० मध्ये नवे राजभवन बांधायचा घाट घातला गेला तेव्हा राज्यपाल सत्यपाल मलिक यांनीच विरोध केला होता. महामारीत हा खर्च नको, असे त्यांचे म्हणणे. त्याच महिन्यात त्यांची मेघालयला बदली झाली.

घुमट
मग प्रश्न पडतो, राज्यपालाला इतक्या सहज हलवता येते?

खाजन
येते. कलम १५६ प्रमाणे राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच तो पदावर. पाच वर्षे ही मुदत नेमणुकीच्या सुरुवातीला लिहिलेली, हमी नव्हे. पाच वर्षे पुरी झाली तरी दुसरा येईपर्यंत तोच चालू राहतो.

यातही गोव्याचा संबंध आहे. २ जुलै २००४ ला केंद्राने चार राज्यपाल एकदम हटवले : उत्तर प्रदेश, गुजरात, हरियाणा आणि गोवा. आपले होते केदारनाथ साहनी. त्यावरून झालेल्या खटल्यात, बी. पी. सिंघल प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की कारण देण्याची सक्ती नाही, पण मनमानी चालणार नाही. केंद्रातले सरकार बदलले किंवा राज्यपालाचे विचार केंद्राशी जुळत नाहीत, एवढे कारण पुरेसे नाही. व्यवहारात मात्र हटवलेला माणूस न्यायालयात जाण्यापेक्षा घरी जातो.

केगदी
आणि अतिरिक्त कार्यभाराचे काय? पी. सी. अलेक्झांडर, के. शंकरनारायणन, भगतसिंह कोश्यारी : तिघेही महाराष्ट्राचे राज्यपाल असताना गोवा सांभाळत होते. कोश्यारींकडे ऑगस्ट २०२० पासून जवळजवळ अकरा महिने. माझ्या मते हे गोव्यासाठी वाईट. इथे बहुमताचा पेच रात्री-अपरात्री येतो. पर्रीकर १७ मार्च २०१९ ला गेले आणि डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी १९ मार्चच्या पहाटे दोनच्या सुमारास झाला. अशा वेळी राज्यपाल मुंबईत मलबार हिलवर असून कसे चालेल?

मानशी
घटनेत त्याची सोय १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने झाली. दोन राज्यांचा एक राज्यपाल असला तरी पगार एकच, दोन राज्यांत किती वाटायचा ते राष्ट्रपती ठरवतात. सध्या महिना साडेतीन लाख.

पात्रदेवी
गोव्याचे राज्यपाल पुष्कळ झाले, आता गोमंतकीय राज्यपालांबद्दल. राजेंद्र आर्लेकर आधी गोव्याचे सभापती, मग वन आणि पर्यावरण मंत्री. २०२१ मध्ये हिमाचल, २०२३ मध्ये बिहार, जानेवारी २०२५ पासून केरळ. बिहारमध्ये २८ जानेवारी २०२४ ला नितीशकुमार यांचा राजीनामा सकाळी त्यांनीच घेतला आणि त्याच दिवशी नव्या आघाडीचे मुख्यमंत्री म्हणून शपथही त्यांनीच दिली. सभापतीच्या खुर्चीत बसलेल्याला पाठिंब्याच्या पत्रांची भाषा नवीन नसते.

मूळ गोव्याचे म्हणाल तर ए. एल. डायस यांनी १९७१ ते १९७९ पश्चिम बंगाल सांभाळले. माजी लष्करप्रमुख जनरल सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्ज २००४ ते २०१० पंजाबचे राज्यपाल होते, म्हणजे जेकब जिथे गेले त्याच चंडीगढच्या राजभवनात.

घुमट
आणि आता इथे पुसापती अशोक गजपती राजू. विजयनगरमच्या राजघराण्यातले, २०१४ ते २०१८ केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री. मोपा विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ ची, म्हणजे त्यांच्याच मंत्रिपदाच्या काळातली. जुलै २०२५ मध्ये राज्यपाल म्हणून आले.

साळावली
मूळ प्रश्नाकडे येऊ. कुळागर, तुम्ही विचारले होते की एवढा ठसा दुसऱ्या कोणाचा आहे का. सरकारे पाडणाऱ्या-बसवणाऱ्या राज्यपालांचे काम पुढच्या निवडणुकीत धुऊन निघाले. १९९८ चे विलींचे सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरात पडले, २००५ चे महिन्यात गेले. या बाबतीत जेकब इतरांसारखेच, आणि १९९८ बद्दलचा माझा आक्षेप कायम आहे. उरली ती अभयारण्ये. तिथे मात्र तुमच्याशी सहमत.

जांभा
उरली म्हणजे कशी, ते एका कलमावरून दाखवतो. वन्यजीव कायद्याचे कलम २९ : मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय अभयारण्यात येणारे किंवा अभयारण्यातून बाहेर जाणारे पाणी कोणालाही वळवता, अडवता किंवा वाढवता येत नाही. परवाना देण्याआधी तो बदल वन्यजीवांच्या हिताचाच आहे याबद्दल सरकारची खात्री पटावी लागते. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कळसा आणि भांडुरा या उपनद्या मिळून ३.९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वळवायला कर्नाटकाला मुभा दिली. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी कर्नाटकाला नोटीस दिली ती याच कलमाखाली. अभयारण्यच नसते तर नोटीस कोणत्या कलमाखाली काढली असती?

दुसरे म्हणजे खाणी. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४ च्या गोवा फाउंडेशन निकालात अभयारण्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम बंद केले गेले. सांग्यात नेत्रावळीच्या कडेला याचा अर्थ काय होतो हे तिथल्या नकाशावर बोट ठेवून पाहा.

घाटपायथा
पाण्याबद्दल वाद नाही. म्हादई आमचीच आई आहे. पण २४ जुलै २०२३ ला उच्च न्यायालयाने तीन महिन्यांत म्हादई परिसराचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हटले, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि गावात पुन्हा तीच भीती : हुसकावणार का? ही भीती १९९९ चे दावे मिटले असते तर इतकी राहिली नसती. त्यासाठी काय करता येईल ते कोणी सांगेल का? निव्वळ चर्चा नको.

जांभा
सांगतो. पहिले, १९९९ ची अधिसूचना मिळवा. राज्य सरकारच्या अधिसूचना शासकीय राजपत्राच्या मालिका २ मध्ये येतात, त्यातले सीमावर्णन आपल्या गावाच्या सर्व्हे नकाशावर उतरवा. पुष्कळांना आपली बागायत आत आहे की बाहेर हेच ठाऊक नसते. दुसरे, आपल्या सर्व्हे नंबरावर दावा दाखल झाला होता का, झाला असल्यास तो कोणत्या टप्प्यावर आहे, हे माहिती अधिकारात जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारा. एका अर्जात एकाच गावाचे विचारा, नाहीतर "माहिती विखुरलेली आहे" असे उत्तर येते. तिसरे, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचा दावा ही स्वतंत्र वाट आहे आणि ती अभयारण्यातही चालते. तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा. अनुसूचित जमातीचे असाल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा प्रत्यक्ष ताबा, इतर वननिवासी असाल तर तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. पुरावा एक पुरत नाही, दोन जोडा. घरपट्टीची पावती, जुनी मतदार यादी, वडीलधाऱ्यांचा जबाब, जमिनीवरच्या विहिरी, बांध, जुनी झाडे, हे सगळे नियमांत बसते.

घाटपायथा
हे कामाचे आहे. गावाच्या गटात पाठवतो. सीमावर्णन सर्व्हे नकाशावर उतरवायला मदत करणारे कोणी इथे आहे का?

मानशी
आहे. अधिसूचनेची प्रत आणि गावाचा सर्व्हे नकाशा निरोपातून पाठवा. आधी नदी आणि रस्त्याच्या खुणा लावू, मग सर्व्हे नंबर.